उभी की आडवी?

परवा कॅन्टीनमध्ये एका मित्राने विचारलं, "दोन वर्षं हॅम्बुर्गला होतास, येताना काय आणलंस?" चॉकलेटं तर पहिल्याच आठवड्यात टीमने फस्त केली होती. मी म्हटलं, "आणलं काहीच नाही. उलट एक बासरी तिथे ठेवून आलो." 'आता हा यावर लेख पाडणार' अशा नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं. बरोबरच होतं त्याचं. शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, प्रॉडक्शन शांत आहे. तेव्हा घ्या.

सुरुवात जत्रेपासून करतो. फुगेवाल्याच्या शेजारी बासरीवाला उभा असतो, आठवतोय ना? त्याच्याकडे दोन प्रकारच्या बासऱ्या असतात. एक शिट्टीसारख्या तोंडाची, उभी धरायची. कुणी तिला पावा म्हणतं, कुणी अलगूज. ती फुंकली की वाजते. दुसरी आडवी, कृष्णाची. ती फुंकली की नुसती फूऽऽऽ अशी हवा येते आणि पोर रडवेलं होऊन आईकडे बघतं. म्हणून शहाणे आईबाप पहिली घेऊन देतात. सांगलीला माझ्या आजोबांनी मला दुसरी घेऊन दिली होती. त्याबद्दल पुढे.

युरोपातही हाच प्रकार. उभीला इंग्रजीत रेकॉर्डर म्हणतात. (मी घरी फोनवर "रेकॉर्डर शिकतोय" म्हटल्यावर आईला वाटलं मी टेप दुरुस्त करायला शिकतोय.) जर्मनीत तिचं नाव ब्लॉकफ्लोटे. तोंडाशी लाकडाचा एक ठोकळा बसवलेला असतो, तो ब्लॉक. ठोकळ्याच्या वर एक अरुंद फट असते, तुमची हवा त्या फटीतून सरळ समोरच्या धारेवर आपटते. वाजवणाऱ्याने नेम धरायचा नसतो, तो कारागिराने आधीच धरून दिलेला असतो. आडवी म्हणजे क्वेअरफ्लोटे, जुन्या लाकडी रूपात 'ट्राव्हेर्सो'. तिथे नेम तुमच्या ओठांनी धरायचा.

हॅम्बुर्गला पहिला हिवाळा मी लॅपटॉप आणि हीटर यांच्यामध्ये काढला. चार वाजता अंधार. वेड लागेल असं वाटल्यावर तीसेक युरोंना एक प्लास्टिकचा आल्टो रेकॉर्डर घेतला आणि तूनळीवर बघून वाजवू लागलो. बोटांना बासरीची जुनी सवय, त्यामुळे भराभर जमलं. मग ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने एका हौशी ग्रुपमध्ये शिरलो. दर गुरुवारी संध्याकाळी एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सात-आठ जण जमायचे. दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो, हार्पसिकॉर्डच्या आवाजावर लावलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, आणि ट्राव्हेर्सो वाजवणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका. मी त्यांना मनात बाई म्हणायचो, पुढे तोंडावरही म्हणायला लागलो. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते फार आवडलं.

ही मंडळी बरोक वाजवायची, म्हणजे साधारण १६०० ते १७५० मधलं. त्यातही त्यांचा जीव चेंबर कॉन्चेर्टोवर. साध्या कॉन्चेर्टोत एक हिरो असतो आणि मागे ऑर्केस्ट्रा. विवाल्दीने मात्र असे काही कॉन्चेर्टो लिहिले की ज्यात ऑर्केस्ट्राच नाही. रेकॉर्डर, ओबो, व्हायोलिन, बसून आणि खाली हार्पसिकॉर्ड. प्रत्येकाला आपापली पाळी येते आणि सगळे एकत्र वाजले की तोच ऑर्केस्ट्रा. मॅनेजर नसलेली टीम, सगळे डेव्हलपर. आणि गंमत म्हणजे डिलिव्हरी वेळेत होते :)

या संगीतात एक प्रश्न कायम पडतो. कागदावर नुसतं 'फ्लाउटो' लिहिलेलं असतं, मग उभी घ्यायची की आडवी? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नुसतं फ्लाउटो म्हणजे बहुतेक वेळा रेकॉर्डर. आडवी हवी असेल तर 'ट्राव्हेर्सो' हा शब्द जोडायचा. बाखने २४ मार्च १७२१ ही तारीख घालून सहा कॉन्चेर्टो ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्राफला पाठवले. त्यातल्या दुसऱ्यात आणि चौथ्यात रेकॉर्डर आहे, पाचव्यात ट्राव्हेर्सो. एकाच वहीत दोन्ही. म्हणजे निदान बाखसाठी हा 'जे असेल ते घ्या' असा मामला नव्हता.

विवाल्दीचं प्रकरण जरा आपल्या धंद्यासारखं आहे. १७२९ च्या सुमारास अॅमस्टरडॅमच्या ल सेन या प्रकाशकाने त्याचे सहा फ्लूट कॉन्चेर्टो छापले, ओपस १०. सगळे आडव्या बासरीसाठी. पण त्यातले बरेचसे नवे नव्हतेच. पाचवा म्हणजे आधीचा रेकॉर्डरचा कॉन्चेर्टो (आरव्ही ४४२), सहावा म्हणजे रेकॉर्डर असलेला एक चेंबर कॉन्चेर्टो (आरव्ही १०१). बाजार बदलला होता. उत्तर युरोपातले हौशी लोक आडवी बासरी विकत घेत होते, मग जुना कोड नव्या प्लॅटफॉर्मवर पोर्ट करून टाकला. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत रेकॉर्डर जवळपास डिप्रिकेट झाला. आडवी टिकली, बदलत गेली, आणि १८४७ मध्ये बोमने तिला धातूची नळी आणि चाव्यांचं यंत्र बसवून आजची फ्लूट केली.

रेकॉर्डर हरला का? सगळे सांगतात ते कारण म्हणजे आवाज. रेकॉर्डरमध्ये जोरात फुंकलं की सूर नुसता मोठा होत नाही, चढतोसुद्धा. हळू फुंकलं की उतरतो. नेम ठरलेला असल्यामुळे दुरुस्तीला जागा कमी. त्यामुळे रेकॉर्डरवाला लहान-मोठा आवाज काढण्यापेक्षा जिभेने काम भागवतो, कुठे सूर तोडायचा, कुठे चिकटवायचा यातून. आडव्या बासरीत मात्र हळू फुंकताना ओठ किंचित फिरवून उतरलेला सूर परत वर आणता येतो. हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. पुस्तकी.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ग्रुपने टेलेमानचा इ मायनरमधला कॉन्चेर्टो निवडला. रेकॉर्डर आणि ट्राव्हेर्सो दोघांसाठी. दोन्ही बासऱ्या शेजारी शेजारी, बरोबरीच्या मानाने. कॉन्सर्ट नोव्हेंबरमध्ये, चौदा आठवडे हातात. टेलेमान म्हणजे हॅम्बुर्गचा घरचा माणूस. १७२१ मध्ये तो तिथे आला आणि १७६७ मध्ये मरेपर्यंत शहराच्या मुख्य चर्चचं संगीत सांभाळत राहिला. लहानपणी स्वतःच स्वतः शिकला. बारा वर्षांचा असताना ऑपेरा लिहिला म्हणून आईने त्याची वाद्यं काढून घेतली होती. 'आधी अभ्यास' ही संस्था जागतिक आहे, एवढं लक्षात घ्या.

मला वाटलं, झालं, माझा रेकॉर्डर आणि बाईंचा ट्राव्हेर्सो. प्रॅक्टिस संपल्यावर बाई म्हणाल्या, "आडवी तू वाजव. उभी मी घेते."

मी हसलो. त्या हसत नव्हत्या. त्यांचा डावा खांदा दोन वर्षं आखडत चालला होता. आडवी धरताना डावा हात छातीवरून उजवीकडे न्यावा लागतो, मान वळवावी लागते. दहा मिनिटांवर त्यांना ते सहन होत नव्हतं. उभी समोर धरायची असल्यामुळे तिचा त्रास नव्हता. "तू सांगितलं होतंस, लहानपणी आडवी वाजवायचास. मग?"

मी नेहमीची कारणं दिली. वेळ नाही, रिलीज आहे, चौदा आठवड्यांत कसं होणार, रेकॉर्डरच बरा, तो मला येतो. बाई म्हणाल्या, "विचार कर." आणि बासरी पेटीत पुसून ठेवायला लागल्या.

घरी जाताना ट्रेनमध्ये मला आजोबा आठवले. ते भजनी मंडळात बासरी वाजवायचे. मी नववी-दहावीत त्यांच्याकडे थोडं शिकलो. मग त्यांचे पुढचे दात काढावे लागले आणि कवळी आली. कवळीवर फुंक धरत नाही, ओठांचा नेमच बदलतो. महिनाभर प्रयत्न करून त्यांनी सोडून दिलं आणि मला म्हणाले, "तू वाजव, मी ऐकतो." मी तेव्हा बारावीत होतो. मी म्हटलं, "परीक्षा झाल्यावर." बारावी झाली, सीईटी झाली, पुण्याला आलो. मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना ते गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांची ही एक वाईट सवय असते, एकदाच विचारतात.

पुढच्या गुरुवारी मी बाईंना म्हटलं, "द्या."

आता जरा तांत्रिक. ट्राव्हेर्सो म्हणजे आपल्या बासरीची सख्खी मावसबहीण. सहा भोकं, आणि करंगळीसाठी एकच चावी. धरायची तशीच, उजवीकडे. सगळी भोकं बंद केली की डी. वरची तीन बंद केली की जी. आपल्या बासरीत वरची तीन बंद म्हणजे सा. म्हणजे जी ला सा मानलं की सगळी बंद केल्यावर मंद्र प, सगळी उघडी केल्यावर तीव्र म. तंतोतंत तेच. फक्त हे लोक बरोकसाठी ए चा सूर आजच्या ४४० ऐवजी ४१५ ला लावतात, अर्धा सूर खाली. त्यामुळे पेटीवर बघाल तर त्या ट्राव्हेर्सोचा सा पडतो काळी तीनमध्ये.

पहिल्या फुंकीलाच सूर आला. बाई बघतच राहिल्या, मीसुद्धा. दहा वर्षांनी ओठांना आठवत होतं. मला वाटलं, जिंकलो.

पुढचे सहा आठवडे त्या एका सुराची किंमत मोजली. आपण बासरीत मधला सूर काढायला भोक अर्धं उघडतो. आपली भोकं मोठी असतात, बोट सरकवायला जागा असते. ट्राव्हेर्सोची भोकं बारीक. तिथे मधला सूर काढायला एक भोक उघडं ठेवून त्याच्या खालची बंद करायची, काट्यासारखी बोटं. शुद्ध म साठी माझं बोट सवयीने अर्धं उचलायचं आणि बाई पेन्सिलीने त्यावर टकटक करायच्या. दुसरी सवय मींडेची. एका सुरावरून दुसऱ्यावर मी घसरतच जायचो. बाई म्हणायच्या, "सुंदर आहे. पण टेलेमानने जिने बांधलेत, तू घसरगुंडीवरून येतोयस."

तिसरी अडचण मात्र वेगळी होती. काट्याच्या बोटांनी काढलेले सूर दबके येतात, जणू उशीआडून. तिसऱ्या भागात, त्या इ मेजरच्या संथ लार्गोत, जी शार्प सारखा येतो आणि तो असाच दबका. मी जोर लावून तो बाकीच्यांएवढा करायला बघायचो. बाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "सगळे सूर सारखे असावेत हा बोमच्या नंतरचा हट्ट आहे. टेलेमानला हे वाद्य माहीत होतं. कुठला सूर उजेडात आहे आणि कुठला सावलीत, हे बघूनच त्याने लिहिलंय. तू तो सावलीत राहू दे." आमच्याकडे याला 'इट्स नॉट अ बग' म्हणतात, पण इथे ते खरं होतं.

आणि मग सप्टेंबरअखेर ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हा सगळा लेख लिहितोय.

बाई रेकॉर्डर घेऊन बसल्या होत्या. ग्रुपमधल्या एकांनी मला वापरायला दिलेला ४१५ चा जुना लाकडी आल्टो, जो मी वर्षभर वाजवला होता, तोच आता त्यांच्या हातात. मी आडवी. दोघं मिळून एक लांब सूर धरला तर भयानक लागला. दोन सूर एकमेकांवर घासत होते. मी म्हटलं, "बाई, तुमचा जरा वर आहे."

"हो," त्या म्हणाल्या, "माझा वर आहे. आणि मला काही करता येत नाही. याला खाली आणायचा तर हळू फुंकावं लागेल, मग ऐकूच येणार नाही. तुझ्या वाद्याला वळता येतं. तू ये."

मी ओठ जरा फिरवला, बासरी किंचित बाहेर वळवली. सूर वर सरकला, घासणं मंद झालं, थांबलं. दोन सुरांचा एक झाला.

आणि मी गप्प बसलो. कारण मला तेव्हा कळलं की वर्षभर मी रेकॉर्डर वाजवत होतो, आणि वर्षभर माझा समज होता की मी सुरात आहे. आमचे दोघांचे सूर नेहमी छान जुळायचे, त्याचं थोडं श्रेय मी मनातल्या मनात माझ्या भारतीय कानाला देत असे! प्रत्यक्षात मी जिथे असेन तिथे बाई येत होत्या. आखडलेल्या खांद्याने, मान वळवून, दर सुराला. एकदाही बोलल्या नाहीत.

विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यात सांगायचं काय? ज्याला वळता येतं त्याने वळायचं. वाद्याचा नियम आहे."

रेकॉर्डर का हरला, याचं पुस्तकातलं कारण मला तोवर पाठ होतं. पण हरणं-जिंकणं हा विचारच मला त्या दिवसापासून पटेनासा झाला. टेलेमानने दोघींना शेजारी बसवलं, त्यात एक अडेल आणि एक समजूतदार आहे हे त्याला माहीत असणारच. तो दोन्ही वाजवणारा माणूस. सूर इ मायनर निवडला, म्हणजे आडवीचं माहेर. रेकॉर्डरला फ मेजरसारखे सूर सोयीचे, इथे ती पाहुणी. म्हणजे उभीने आडवीच्या घरी यायचं, आणि आडवीने उभीच्या सुराला वळायचं. दोघींनीही थोडं थोडं. हा हिशेब मला फार आवडला.

कॉन्सर्ट झाली. चर्चमध्ये सव्वाशे खुर्च्या आणि जेमतेम चाळीस लोक. थंडी इतकी की बाई सुरू होईपर्यंत रेकॉर्डर कोटाच्या आत काखेत धरून बसल्या होत्या. थंड लाकूड सूर उतरवतं म्हणून. अॅलेग्रोत माझी एक अख्खी ओळ सांडली. लार्गोत बाकीचे तारा नुसत्या बोटांनी छेडत होते, त्यावर आम्ही दोघं. जी शार्प सावलीत राहू दिला. शेवटचा प्रेस्टो म्हणजे धमाल. टेलेमान तरुणपणी आताच्या पोलंडमधल्या भागात एका सरदाराकडे नोकरीला होता, तिथलं गावठी संगीत त्याच्या डोक्यात बसलं. खाली एकच सूर घुमत राहतो आणि वर दोन्ही बासऱ्या नाचत सुटतात. मला तर थेट जत्राच आठवली. संपल्यावर बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "सांडलीस, पण थांबला नाहीस."

फेब्रुवारीत परत यायची वेळ आली तेव्हा बाईंनी ट्राव्हेर्सोची पेटी पुढे केली. "घेऊन जा." मी रात्रभर विचार केला. ते बॉक्सवुडचं लाकूड हॅम्बुर्गच्या दमट हवेत मुरलेलं. पुण्याचा कोरडा एप्रिल-मे त्याला सोसला नसता, वाकलं असतं नाहीतर तडकलं असतं. हे खरं कारण. आणि दुसरंही एक खरं कारण. त्यांचा खांदा बरा झाला तर? फिजिओथेरपी चालू होती. मी पेटी परत दिली. म्हटलं, "बाई, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं वाजवा, लाकूड जिवंत राहील. दहा मिनिटं नको." त्या काही बोलल्या नाहीत. पेटी मात्र जवळ ओढून घेतली.

मार्चमध्ये सांगलीला गेलो. आजोबांची बासरी कपाटात होती, जुन्या धोतराच्या तुकड्यात. खालच्या टोकाला एक बारीक चीर गेली आहे. मी तिच्यावर दोरा घट्ट गुंडाळला, आतून तेलाचं बोट फिरवलं. वरची तीन भोकं बंद करून फुंकलं.

आधी नुसती फूऽऽऽ. मग सा आला. दुसऱ्या खोलीतून आजी म्हणाली, "कोण वाजवतंय रे?"

"मी आहे, आजी."

"बरं. चालू दे."

असो. पाऊस थांबलाय. खाली जाऊन चहा घेतो.